फ्युएल पंप बदलण्याआधी: पंपाच्या विजेचा दोष क्रमाने कसा शोधावा

सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन धरत नाही. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून येणारा पंपाचा ‘घूंऽऽ’ आवाज गायब आहे. टाकीवरच्या कपलरला (वायरी जोडणाऱ्या प्लगला) मीटर लावला की १२ व्होल्ट दिसतात आणि निदान ठरते: ‘करंट येतोय, म्हणजे पंप गेला.’ काही हजार रुपयांचा नवा पंप बसतो. गाडी चालूही होते, कारण कपलर काढून घालताना सैल पिन पुन्हा टेकलेली असते किंवा नवी मोटर कमी व्होल्टेजवरही थोडे दिवस निभावून नेते. दोन-तीन आठवड्यांनी गाडी पुन्हा रस्त्यात बंद पडते.

ही चूक इतकी सर्रास होते की तिचे कारण आधी समजून घ्या. लोड नसताना, म्हणजे करंट ओढणारे काही जोडलेले नसताना, दिसलेले १२ व्होल्ट काहीच सिद्ध करत नाहीत. वायरमधल्या वीस तारांपैकी एकच तार शाबूत असली, तरी मीटर १२ दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ शून्य करंट घेतो. पंपाला चार-पाच अँपिअर लागतात. तेवढा करंट त्या एका तारेतून जायला लागला की व्होल्टेज कोसळते आणि पंप गप्प बसतो. म्हणून पुढच्या सगळ्या टप्प्यांत एक गोष्ट पाळायची: तपासायची ती वायर लोड देऊन तपासायची.

हा लेख टाकीतला पंप साध्या रिलेवर (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचवर) चालणाऱ्या, १२ व्होल्टच्या इंजेक्शन असलेल्या पेट्रोल आणि सीएनजी मोटारींसाठी आहे. काही नव्या टर्बो-पेट्रोल गाड्यांत पंपाचा वेग एक वेगळा कंट्रोल मॉड्यूल कमी-जास्त करतो. तिथे खाली सांगितलेले जंपर (दोन जागा थेट जोडणारी वायर) आणि बल्ब वापरू नका, मॉड्यूल जळेल. टाकीजवळ पंखदार अॲल्युमिनियमची छोटी पेटी दिसली, किंवा पंपालाच तीन जाड वायरी जात असतील, तर गाडी त्या प्रकारची असण्याची शक्यता आहे. खात्री वायरिंग डायग्रामवरून करा.

## करंटचा रस्ता आधी डोक्यात बसवा

बॅटरी, मुख्य फ्यूज, मेन रिले, पंपाचा फ्यूज, पंपाचा रिले, दरवाज्याच्या उंबरठ्यातून मागे जाणारी लांब वायर, टाकीवरचा कपलर, पंप, आणि शेवटी बॉडीला बसवलेली अर्थ (बॅटरीच्या मायनसकडे परतीची जोडणी). काही गाड्यांत फ्यूज रिलेच्या आधी असतो, काहींत नंतर; डायग्राम बघून ते नक्की करा, पुढे कामाला येईल.

रिलेच्या पिनांवर आकडे असतात. ३० ला बॅटरीकडून पुरवठा येतो, ८७ मधून तो पंपाकडे जातो. ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोके. बहुतेक गाड्यांत कॉइलच्या एका टोकाला प्लस मिळतो आणि दुसऱ्या टोकाला ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) अर्थ देतो. चावी ऑन केली की ईसीयू साधारण दोन सेकंद पंप चालवतो. सेल्फ फिरल्याचा सिग्नल आला नाही, तर बंद करतो. इंजिन फिरतेय असे क्रँक सेन्सरने कळवले, तरच पंप पुढे चालू राहतो. निम्मी चुकीची निदाने हे न कळल्यामुळे होतात.

## तयारी

खालील वस्तू आधी जमवा. अर्ध्यावर उठून सामान आणायला गेलात की जुगाड सुरू होतो.

- डिजिटल मीटर, डीसी २० व्होल्ट आणि १० अँपिअरची रेंज असलेला.
- इंडिकेटरच्या २१ वॉटच्या बल्बला दोन वायरी लावून केलेला टेस्ट लॅम्प. एलईडीचा चालणार नाही, तो मीटरसारखाच फसवतो. एलईडी लॅम्प हवा तो फक्त एका ठिकाणी, ते पुढे येईल.
- हेडलाइटचा एच-४ बल्ब, ६०/५५ वॉट. त्याची ६० वॉटची एकच फिलामेंट वापरायची. ती सुमारे ५ अँपिअर घेते, म्हणजे जवळजवळ पंपाइतकेच. या सगळ्या कामातले हे सर्वांत उपयोगी आणि सर्वांत स्वस्त हत्यार.
- अडीच चौरस मिलिमीटरची जंपर वायर, मध्ये १५ अँपिअरचा फ्यूज घातलेली.
- पाच-सहा मीटर लांब साधी वायर. बॅटरी पुढे, टाकी मागे. मीटरची लीड तिथपर्यंत पोचत नाही.
- कपलरच्या मागच्या बाजूने आत सरकवायला बारीक टाचण्या.
- एक-दोन किलोचा ड्राय पावडरचा अग्निशामक, आणि चावी फिरवायला एक माणूस.

सावधान: काम मोकळ्या हवेत करा. टाकी उघडी असताना ठिणगी, विडी-सिगारेट, साधी हॅलोजनची हँडलॅम्प, सोल्डरिंग यांतले काहीही जवळ नको. एच-४ बल्ब भयंकर तापतो. त्याच्या वायरी लांब ठेवून तो गाडीबाहेर, टाकीपासून दूर ठेवा. टाकीजवळची जोडणी नेहमी वीज बंद असताना करा आणि वीज पुढच्या रिलेच्या जागेवरून सुरू करा, म्हणजे ठिणगी पडलीच तर बॉनेटखाली पडेल.

वायरला टाचणी टोचून तपासू नका. त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरते आणि वर्षभरात आतले तांबे हिरवे पडून भुगा होते. आज शोधलेल्या दोषाच्या जागी उद्याचा दोष तुम्हीच पेरता. टाचणी कपलरच्या मागून, पिनेला लागून सरकवायची.

## टप्पा १: दोष खरंच पंपाकडचा आहे का?

पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडा, कान लावा आणि जोडीदाराला चावी ऑन करायला सांगा. दोन सेकंद आवाज आला पाहिजे. नाही आला, तर चावी बंद करून अर्धा मिनिट थांबा आणि पुन्हा बघा. पाठोपाठ चावी फिरवली तर काही ईसीयू दुसऱ्यांदा पंप चालवतच नाहीत. दरवाजा उघडल्याबरोबर पंप चालवणाऱ्या गाड्याही आहेत, त्यांत चावीच्या वेळी आवाज येणार नाही.

आवाज आला तर पंप फिरतोय. मग दोष दाबाचा, फिल्टरचा, इंजेक्टरचा किंवा स्पार्कचा असू शकतो आणि हा लेख तिथे पुरणार नाही. एक अपवाद: आवाज मंद, ओढल्यासारखा येत असेल तर थेट टप्पा ४ वर जा.

आवाज नसेल तर खालच्या पाच गोष्टी आधी बघा. पाच मिनिटे लागतात.

पहिली, डॅशबोर्डवरचा इमोबिलायझरचा दिवा. चावी ऑन असताना तो लुकलुकत राहिला तर ईसीयूला चावी ओळखता आलेली नाही. काही गाड्यांत तेव्हा पंपच सुटत नाही, काहींत पंप चालतो आणि इंजेक्टर बंद राहतात. दुसरी चावी लावून बघा.

दुसरी, चेक इंजिनचा दिवा. चावी ऑन केल्यावर तो लागलाच नाही, तर ईसीयूलाच वीज नाही. मग मेन रिले आणि त्याचा फ्यूज बघा. पंपाच्या मागे लागू नका.

तिसरी, सेल्फ मारताना आरपीएम. स्कॅनरवर (ईसीयूतली माहिती दाखवणाऱ्या यंत्रावर) दीडशे-दोनशेच्या घरात काहीतरी आकडा दिसला पाहिजे. शून्य असेल आणि पंप पहिले दोन सेकंद वाजून नंतर गप्प होत असेल, तर संशय क्रँक सेन्सरवर घ्या. पंप निर्दोष आहे, त्याला चालायचा हुकूमच मिळत नाही. ईसीयूने नोंदवलेला दोषाचा कोड पी ०३३५ मिळाला तर हा संशय बळकट होतो. पी ०२३०, पी ०२३१, पी ०२३२ किंवा पी ०६२७ आले तर पंपाच्या सर्किटचीच तक्रार आहे. पण कोड रस्ता दाखवतो, खराब भाग कोणता हे सांगत नाही. ‘पी ०२३० आला म्हणून पंप टाकला’ हे निदान नव्हे.

चौथी, फोर्ड आणि फियाटच्या काही जुन्या गाड्यांतला इनर्शिया स्विच. धडक बसली, कधी मोठ्या खड्ड्यात गाडी आपटली, तरी तो पंपाची वीज तोडतो. वरचे बटण दाबले की पूर्ववत होतो. पेट्रोल कुठे गळत नाही याची खात्री झाल्यावरच दाबा.

पाचवी, टाकीत खरंच पेट्रोल आहे का. काटा अडकलेला असतो. पाच लिटर ओतून बघा.

सीएनजी गाडीसाठी विशेष: सीएनजीवर गाडी सुरू करता येत असेल आणि ती व्यवस्थित पळत असेल, तर स्पार्क, क्रँक सेन्सर आणि ईसीयू बहुतांशी ठीक आहेत. संशय पेट्रोलच्या बाजूला आकुंचन पावतो आणि तुमचे निम्मे काम वाचते. अशा गाड्यांत पंप मरण्याचे नेहमीचे कारणही ध्यानात ठेवा. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. अनेक किटमध्ये गाडी सीएनजीवर पळत असतानाही पंप फिरत असतो, आणि टाकी महिनोन्महिने तळाशी असते. पाव टाकी पेट्रोल कायम ठेवले नाही, तर नवा पंपही टिकणार नाही.

## टप्पा २: बॅटरी आणि फ्यूज

बॅटरी उभ्या गाडीत १२.४ ते १२.६ व्होल्ट हवी, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. कमकुवत बॅटरीवर पुढची सगळी मापे खोटी येतात, तेव्हा आधी चार्ज करा.

पंपाचा फ्यूज बहुतेक ठिकाणी १५ अँपिअरचा असतो. तो नुसता डोळ्यांनी बघू नका, केसाएवढी चीर दिसत नाही. फ्यूज जागेवर ठेवूनच त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांना २१ वॉटचा लॅम्प लावा; लॅम्पचे दुसरे टोक बॅटरीच्या मायनसला. वीज सुरू असताना दोन्ही ठिपक्यांवर सारखाच उजेड पडला पाहिजे. मग फ्यूज उपसून त्याचे पाय आणि खालची खाच बघा. प्लास्टिक पिवळट-तपकिरी झाले असेल किंवा पाय निळसर पडले असतील, तर तिथे पकड सैल आहे. नवा फ्यूजही तिथे तापणारच. खाचेतली पिन बदलावी लागेल.

सावधान: फ्यूज उडालेला मिळाला तर त्याच मापाचा एकदाच घाला. तोही उडाला तर थेट टप्पा ६ वर जा. १५ च्या जागी ३० घालणे किंवा तार गुंडाळणे म्हणजे पेट्रोलच्या टाकीकडे जाणारी वायर पेटवण्याची सोय करणे आहे.

## टप्पा ३: रिले आणि त्याची जागा

हॉर्न किंवा एसीचा तंतोतंत तसाच रिले काढून इथे लावून बघा. तंतोतंत म्हणजे पिनांची संख्या, मांडणी आणि वर छापलेली आकृती सारखी. बाहेरून जुळे दिसणारे दोन रिले आतून वेगळे असू शकतात.

रिले ‘टिक’ वाजला म्हणून तो चांगला, ही दुसरी सर्रास चूक. टिक कॉइलमुळे होते; करंट नेणारे कॉन्टॅक्ट काजळून गेलेले असले तरी टिक वाजतेच. रिले बाहेर काढून कॉइल मोजली तर साधारण ६० ते १२० ओहम येते. कॉन्टॅक्टची परीक्षा मात्र लोडवरच होते. रिलेच्या कॉइलला बॅटरीची वीज देऊन रिले उचला आणि ३० व ८७ मधून एच-४ बल्ब पेटवा. बल्ब पेटलेला असताना ३० आणि ८७ मध्ये ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर रिले टाकून द्या. कॉन्टॅक्ट घासून परत बसवू नका.

आता रिलेची रिकामी जागा तपासा. ३० च्या खाचेत २१ वॉटचा लॅम्प पूर्ण पेटला पाहिजे. नाही पेटला तर दोष अलीकडे, मेन रिले किंवा फ्यूजकडे. कॉइलच्या दोन खाचांमध्ये मीटर किंवा एलईडी लॅम्प लावा आणि चावी ऑन करायला सांगा. दोन सेकंद १२ व्होल्ट दिसले तर ईसीयू आपले काम करतोय.

सावधान: एलईडी लॅम्प लागतो तो इथेच. २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर घेतो; ईसीयूकडून येणारी ८५ किंवा ८६ ची वायर एवढ्यासाठी बनवलेली नाही. बल्ब लावलात तर ईसीयूचा आतला ड्रायव्हर जाऊ शकतो, आणि ईसीयूची किंमत पंपाच्या कितीतरी पट आहे.

चावी फिरवून मिळणारे दोन सेकंद पुढच्या मोजमापाला पुरत नाहीत. म्हणून रिले काढलेलाच ठेवून ३० आणि ८७ च्या खाचा फ्यूज असलेल्या जंपरने जोडा. पंप सलग चालायला हवा. जंपर लावण्याआधी ३० आणि ८७ कोणत्या खाचा आहेत हे डायग्रामवरून दोनदा बघा. रिले फ्यूजबॉक्सच्या बोर्डवरच डाख दिलेला असेल तर ही पायरी सोडा, बोर्डात ढवळाढवळ नको.

जंपरने पंप चालला आणि रिलेने चालत नाही: रिले, किंवा ईसीयूचा हुकूम. जंपरनेही चालला नाही किंवा मरगळलेला चालला: पुढे चला.

जंपरच्या जागी मीटर १० अँपिअरवर लावला की पंपाचा करंट कळतो. निरोगी पंप साधारण ३ ते ७ अँपिअर घेतो. शून्य असेल तर सर्किट कुठेतरी तुटले आहे. करंट कमी आणि आवाजही मंद, तर वायरीत किंवा अर्थमध्ये अडथळा. करंट कमी पण आवाज उंच, कर्कश्श, तर पंप कोरडाच फिरतोय; पंपाच्या तोंडाची जाळी तुंबली आहे किंवा पेट्रोल नाही. करंट १० कडे सरकत असेल तर मोटर जड झालीय किंवा पुढचा फिल्टर तुंबलाय. बरेच मीटर या रेंजवर दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त टिकत नाहीत, चटकन मोजा.

तपासणी: करंट मोजून झाल्याबरोबर मीटरची लाल लीड व्होल्टच्या भोकात परत घाला. ती १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तुम्ही व्होल्टेज मोजायला गेलात, तर तो सरळ शॉर्ट असतो. मीटर आणि फ्यूज दोन्ही जातात आणि नसलेला दोष तयार होतो.

## टप्पा ४: टाकीवरच्या कपलरला लोड देणे

पुष्कळ गाड्यांत मागच्या सीटखाली एक झाकण असते, ते काढले की कपलर दिसतो. काहींत ते नसते आणि टाकी खाली उतरवावी लागते. तेव्हा टाकी उतरवण्याआधी वाटेतला एखादा कपलर हाताशी येतो का ते बघा.

कपलरमध्ये दोन जाड आणि दोन बारीक वायरी असतात. जाड पंपाच्या, बारीक पेट्रोलच्या काट्याच्या. पंप बंद पडतो तेव्हाच काटाही वेड्यासारखा फिरतो का? अनेक गाड्यांत दोघांची अर्थ एकच असते, त्यामुळे हा फार बोलका संकेत आहे: अर्थ बघा.

जंपर काढा. कपलर सोडवा. आधी डोळ्यांनी तपासा: वितळलेले प्लास्टिक, काळी पडलेली पिन, हिरवट पावडर, पसरलेली पिन. मग गाडीच्या बाजूच्या दोन जाड पिनांना एच-४ बल्ब लावा, बल्ब गाडीबाहेर ठेवा, आणि पुढे जंपर लावायला सांगा.

बल्ब बॅटरीवर लावल्यासारखा पांढराशुभ्र पेटला तर वीज आणि अर्थ दोन्ही चांगल्या. दोष कपलरच्या पलीकडे, म्हणजे पंपात किंवा टाकीतल्या वायरीत. पिवळट, मंद पेटला तर टप्पा ५. अजिबात पेटला नाही तर बल्बचे अर्थकडचे टोक लांब वायरीने बॅटरीच्या मायनसला न्या. आता पेटला तर अर्थ तुटलीय, तरीही नाही तर पुरवठ्याची वायर.

इथेच पंपाच्या दोन पिनांमधले ओहम मोजायचा मोह होतो. एक-दोन ओहम आले म्हणून पंप चांगला ठरत नाही. झिजलेला ब्रश किंवा जाम झालेली मोटरही तेवढेच दाखवते. उपयोग एवढाच: अनंत आले तर पंप किंवा आतली वायर तुटलेली आहे.

## टप्पा ५: व्होल्टेज नेमके कुठे गळते?

सावकाश करायचा टप्पा हाच. पंप किंवा एच-४ बल्ब चालू असताना तीन मापे घ्या आणि कागदावर लिहा.

१. बॅटरीच्या दोन खांबांमध्ये.
२. बॅटरीच्या प्लसपासून, लांब वायरीने, पंपाच्या प्लस पिनेपर्यंत.
३. पंपाच्या मायनस पिनेपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत.

दुसरे माप ०.५ व्होल्टच्या आत, तिसरे ०.२ च्या आत हवे. उदाहरण घ्या. बॅटरी १२.४, दुसरे माप ०.४, तिसरे २.३. पंपाला मिळाले १२.४ वजा २.७, म्हणजे ९.७ व्होल्ट. पुरवठा ठीक आहे, सगळी गळती अर्थमध्ये आहे. या गाडीत कितीही पंप बदलले तरी गुण येणार नाही, आणि बरा व्हायला एक बोल्ट सोडवून घासायचा आहे.

‘वायर ओहमवर तपासली, बरोबर आहे’ हे वाक्य इथे टिकत नाही. ५ अँपिअरला अर्ध्या ओहमचा अडथळा अडीच व्होल्ट खातो. मीटरच्या लीडचाच अडथळा ०.२-०.३ ओहम असतो, त्यात हा अर्धा ओहम हरवून जातो. मीटरने वायर ‘बीप’ केली म्हणजे ती जोडलेली आहे एवढेच कळते.

दोष कोणत्या बाजूला आहे ते कळले की रस्ता तुकड्यांत वाटा. प्लसची बाजू असेल तर लांब वायरीचे टोक एकेका कपलरवर न्या: फ्यूजचा पाय, रिलेची ८७ ची खाच, उंबरठ्यातला कपलर, टाकी. ज्या दोन बिंदूंमध्ये आकडा उडी मारतो, दोष त्यांच्या मधोमध.

आपल्याकडे तो कुठे सापडतो, हे जवळपास ठरलेले आहे. मागच्या सीटखालची किंवा डिकीतली अर्थ, थिंबलखाली (वायरीच्या टोकाच्या कडीखाली) गंज. कोकणात आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत तर ती पहिल्याच फटक्यात तपासावी. उंबरठ्याच्या पट्टीखालचा कपलर, जिथे ओल्या पायपोसांचे पाणी साचते. सीटखाली उंदरांनी कुरतडलेली वायर. गाडीत सीटपर्यंत पाणी शिरून गेले असेल तर हे तिन्ही.

आणि एक जागा, जी डायग्राममध्ये नसतेच: बाहेरून बसवलेली यंत्रे. चोरी रोखणारा अलार्म आणि टॅक्सीतला जीपीएस बरेचदा पंपाचीच वायर कापून मध्ये आपला छोटा रिले घालतात. सीएनजी किट बसवणाराही कधीकधी तेच करतो. स्टिअरिंगखाली किंवा उंबरठ्यात पिळून टेप मारलेला जोड दिसला, तर बाकी सगळे सोडून आधी तो उघडा.

## टप्पा ६: फ्यूज वारंवार उडत असेल तर

फ्यूजच्या जागी २१ वॉटचा बल्ब लावा, पंपाचा कपलर सोडवा. फ्यूज रिलेच्या आधी असो वा नंतर, रिलेच्या जागी जंपर हवा, नाहीतर पुढची वायर तपासलीच जात नाही. बल्ब पूर्ण पेटला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे. बल्ब पेटलेला ठेवून वाटेतले कपलर मागून पुढे एकेक सोडवत या. ज्याला बल्ब विझेल, दोष त्याच्या मागच्या तुकड्यात. त्याच फ्यूजवर इंजेक्टर किंवा दुसरे काही असेल तर तेही सोडवा.

बल्ब विझलेलाच राहिला तर वायर ठीक आहे आणि संशय पंपावर. मात्र कपलर परत लावल्यावर बल्ब पेटला म्हणून पंप शॉर्ट समजू नका. चांगल्या पंपाबरोबरही तो पेटतोच. फ्यूज घाला: पंप जोडला की उडतो आणि काढला की टिकतो, एवढ्यावरच निर्णय करा.

## टप्पा ७: कधी चालतो, कधी नाही

गाडी गॅरेजमध्ये शहाण्यासारखी वागते आणि घाटात बंद पडते, तेव्हा साक्षीदार बसवावे लागतात. ५ वॉटचे दोन छोटे दिवे घ्या, प्रत्येकाच्या वायरीत २ अँपिअरचा फ्यूज. पहिला रिलेच्या ८७ पासून अर्थपर्यंत, दुसरा पंपाच्या दोन जाड वायरींवर. दोन्ही दिवे डॅशबोर्डवर आणा आणि शेजारी बसणाऱ्याला त्यांच्यावर नजर ठेवायला सांगा.

इंजिन गचके खाऊ लागले त्या क्षणी दोन्ही दिवे विझले तर दोष रिले किंवा त्याच्या अलीकडे, वा ईसीयूच्या हुकुमात. पहिला चालू, दुसरा विझला किंवा मंदावला: वायर, कपलर, अर्थ. दोन्ही लख्ख पेटलेले आणि तरी इंजिन गेले: टाकीतली वायर किंवा पंप. बघायचे ते गचक्यांच्या वेळीच. इंजिन थांबले की ईसीयू पंप स्वतःच तोडतो आणि दोन्ही दिवे तसेही विझतात.

टाकीला खालून रबरी हातोडीने हलके ठोकल्यावर पंप सुरू झाला, तर ब्रश झिजल्याची दाट शक्यता आहे. पण ठोकल्याने सैल कपलरही हलतो, म्हणून दिव्यांची साक्ष घेतल्याशिवाय पंप मागवू नका.

## टप्पा ८: दुरुस्ती

अर्थ: बोल्ट सोडवा, बॉडीवरचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा चमकेपर्यंत काढा, नवी थिंबल दाबून बसवा, दातेरी वॉशर घाला, आवळा, आणि सगळे झाल्यावर वरून ग्रीस. ग्रीस आधी लावू नका.

वायर: मूळ जाडीची किंवा एक माप वरची. जोड क्रिंपिंगने (धातूची नळी दाबून) द्या आणि आतून गोंद असलेली, तापवून आवळणारी स्लीव्ह चढवा. टाकीजवळ डाख द्यायचा नाही, आणि तिथे स्लीव्ह तापवण्याआधी टाकी बंद आणि वाफ गेलेली हवी. पिळून टेप मारलेला जोड एक पावसाळाही काढत नाही.

कपलर वितळला असेल तर दोन्ही बाजू बदला. जळक्या कपलरवर नवा पंप बसवला, की तोच कपलर त्याची पिन जाळतो.

पंपच गेला असेल तर टाकीतले पेट्रोल अर्ध्याखाली आणा. पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालत असेल तर बंद पडेपर्यंत चालवा, लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीचा मायनस सोडवा. टाकीच्या तोंडाची रबरी रिंग नवीच घाला, जुनी फुगलेली असते. जाळी बदला. टाकीच्या आतल्या वायरीसाठी पेट्रोल सोसणारीच वायर आणि पंपाबरोबर आलेला कपलर वापरा; आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, साधा टेप आणि साधी स्लीव्ह त्यात सुटते आणि तिचे तुकडे जाळीत जातात. प्लस-मायनस उलटे झाले तर पंप उलटा फिरतो, आवाज येतो आणि दाब येत नाही.

सावधान: बॅटरीवरून थेट वायर ओढून डॅशबोर्डवर स्विच बसवून देणे हा ‘उपाय’ कुणी सुचवला तर नकार द्या. अपघातात इंजिन थांबले की ईसीयू पंप बंद करतो. स्विचवरचा पंप चालूच राहतो आणि फुटलेल्या पाइपातून गरम इंजिनावर पेट्रोल उडवत राहतो. अडचणीत पन्नास मीटर गाडी हलवायलाही हे करू नका, ढकला.

## टप्पा ९: शेवटची तपासणी

रिले आणि फ्यूज परत घाला, जंपर काढल्याची खात्री करा. सेल्फ न मारता चावी तीनदा ऑन-ऑफ करा, दर वेळी अर्धा मिनिट थांबून. टाकीचे तोंड आणि पाइपाचे जोड कोरडे आहेत का ते हात फिरवून, वास घेऊन बघा.

इंजिन चालू करा, हेडलाइट आणि एसीचा पंखा लावा. बॅटरीवर १४ व्होल्ट असतील तर पंपाच्या पिनांवर १३.३ च्या वर हवेत. त्यापेक्षा कमी आले तर टप्पा ५ पुन्हा करा, अजून एक खराब जोड उरला आहे. कोड पुसा.

गाडी अर्धा तास चालवा, पंधरा मिनिटे उन्हात उभी करा आणि गरम इंजिनावर तीनदा सुरू करा. मग रिले आणि टाकीवरच्या कपलरला बोट लावा. कोमट लागले तर ठीक. बोट ठेववत नसेल, तर सीट आणि गालिचा परत बसवण्याआधी तो कपलर पुन्हा उघडा.